इटालियन आहे, बसू नका!

‘इटालियन’ हे विशेषण कुणी, कुठे आणि दिवसातून किती वेळा वापरावे याबद्दल सरकारने एकदा कायदा करून टाकावा, अशा मताला मी हल्ली येऊन पोचलो आहे. आमच्या गोरेगावात, म्हणजे पूर्वेला, आरे कॉलनीच्या काठाकाठानं जे नवे टॉवर उभे राहिले आहेत, त्यांतल्या कुठल्याही घरी जा. दारात चपला काढता काढता यजमान सांगतात, "फरशी इटालियन आहे हं!" (हे कौतुकानं सांगतात की पाय पुसून या म्हणून, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.) पुढं जावं तो स्वयंपाकघर इटालियन. त्यात शिजत असतं पिठलं. नळ इटालियन, पाणी महापालिकेचं. आणि दिवाणखान्याच्या मधोमध, रवंथ करायला बसलेल्या म्हशीसारखा ऐसपैस पसरलेला सोफा, तोही इटालियन. घरात अस्सल देशी असतात ते फक्त बँकेचे हप्ते.

म्हशीची उपमा उगाच दिलेली नाही. आरेच्या शेजारी राहून ज्याला म्हशीची उपमा सुचत नाही, त्यानं गोरेगाव सोडून पार्ल्याला राहायला जावं. १९४९ साली ही वसाहत निघाली. मुंबईच्या गल्लीबोळांतले तबेले उचलून दारा खुरोडी यांनी इथल्या टेकड्यांवर आणून बसवले. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि तेव्हापासून इथला पत्ता म्हणजे ‘युनिट नंबर अमुक’. आता योगायोग पहा. त्याच १९४९ साली तिकडे मिलानला कार्तेल नावाची एक कंपनी निघाली आणि तिनं प्लास्टिकच्या वस्तू करायला घेतल्या. १९५५ साली या कंपनीच्या जीनो कोलंबिनी नावाच्या माणसानं केलेल्या झाकणाच्या बादलीला ‘कोंपासो द’ओरो’, म्हणजे सोन्याचा कंपास, हे इटलीतलं डिझाइनचं मानाचं बक्षीस मिळालं. बादलीला! आरेतल्या बादल्यांनी त्याच वर्षांत निम्म्या मुंबईची बाळं वाढवली, पण त्यांच्या वाट्याला पोचे सोडून काही आलेलं नाही.

हे ज्ञान मला घरबसल्या झालं. माझा एक भाचा पवईला आय. आय. टी.च्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरात शिकायला होता. (संस्था १९६९ सालची. आरेतून पवईकडे जाणारा रस्ता धरला की थेट तिच्या अंगणात.) हा भाचा रविवारी मामीच्या हातचं जेवायला येई आणि जाताना जाड जाड पुस्तकं आमच्याकडे विसरून जाई. निवृत्त माणसाच्या घरी कुणी पुस्तक विसरू नये, त्याचा परिणाम हा असा होतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की माझं भांडण इटालियन माणसांशी नाही. माझं भांडण त्यांच्या विशेषणाशी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर पुढली तीसेक वर्षं इटलीतल्या काही मंडळींनी खुर्च्या-टेबलांच्या बाबतीत जो धुडगूस घातला, तो आमच्या सोफावाल्यांनी पाहिला तर ते त्या मंडळींना गेटवरूनच परत पाठवतील. ‘डिलिव्हरीवाले मागच्या लिफ्टनं’ असंही सांगतील.

आता आकिले आणि पिएर जाकोमो हे कास्तिल्योनी बंधूच घ्या. यांनी ट्रॅक्टरची बैठक उचलली. होय, शेतातल्या ट्रॅक्टरची, भोकं पाडलेली पत्र्याची बैठक. तिच्याखाली पोलादाची एक वाकवलेली पट्टी लावली, खाली लाकडाचा एक आडवा तुकडा, पंख्याच्या आकाराचा स्क्रू, की झालं स्टूल. १९५७ साली कोमोच्या प्रदर्शनात ते मांडलं. नाव ठेवलं ‘मेत्साद्रो’, म्हणजे अर्धेलीनं जमीन कसणारं कूळ. माझा जीव या नावात अडकला तो अशासाठी, की त्याच १९५७ सालच्या एक एप्रिलला आपल्याकडे कूळकायद्याप्रमाणे कुळं जमिनीची मालक झाली. इकडे जमीन कुळाकडे गेली आणि तिकडे कुळाची बैठक मालकाच्या दिवाणखान्यात गेली. दोन्हीकडचे मालक सारखेच बावचळले. ते स्टूल कारखान्यातून विक्रीला यायला १९७१ साल उजाडलं. चौदा वर्षं! आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला लागतात त्यापेक्षा तशी ही प्रगती बरीच म्हणायची.

याच भावांनी सायकलच्या सीटचंही एक आसन केलं. गुलाबी रंगाचा एक दांडा, वर सायकलची सीट, खाली बूड अर्ध्या नारळासारखं गोल. आकिलेसाहेबांचं म्हणणं असं, की टेलिफोनवर बोलताना मला बसायचं असतं आणि चुळबुळही करायची असते, म्हणून पूर्ण बसता येणार नाही असं आसन हवं. हे आसन आपण मनात नीट धरून ठेवा. मला पुढं त्याचं काम आहे.

जिओ पोंती यांची गोष्ट जराशी सभ्य आहे. त्यांची ‘सुपरलेजेरा’ ही खुर्ची, १९५७ चीच, वजन एक किलो सातशे ग्रॅम. लहान मूलही बोटानं उचलील. मुळात कियावरी नावाच्या समुद्रकाठच्या गावातले सुतार शंभरावर वर्षं ज्या हलक्या खुर्च्या करीत होते, त्याच पोंतींनी समोर ठेवल्या, लाकूड तासत तासत जाऊन नुसती खुर्चीची आठवण शिल्लक ठेवली. आमच्या समोरच्या घरातला ‘इटालियन’ सोफा वर चढवायला सहा हमाल, दोन दोर आणि खिडकीचं ग्रिल कापणारा एक वेल्डर लागला होता. सोफ्याचं वजन विचारलं तर गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, "सॉलिड आहे!" जणू जड असणं हीच इटलीची ओळख.

नंतरची पिढी तर कहर. १९६७ साली चौघांनी मिळून हवा भरायची खुर्ची काढली. पारदर्शक प्लास्टिक, आत नुसती हवा. खुर्चीबरोबर पंक्चर काढायचं सामान मिळे. पाहुणे आले, बसले, फुस्स! १९६८ साली तुरीनच्या तिघांनी एका पिशवीत थर्मोकोलच्या गोळ्या भरल्या आणि म्हणाले, ही खुर्ची. ‘सक्को’ म्हणजे सरळ सरळ पोतं. आपण हिला बीनबॅग म्हणतो आणि नातवंडांच्या खोलीत लोटून देतो. १९६९ साली गाएतानो पेशे यांनी फेसाची अशी खुर्ची केली, की ती कागदासारखी चपटी होऊन खोक्यातून यायची. घरी आणून वेष्टन कापलं की पुरीसारखी टम्म फुगायची. तिचा आकार बाईचा आणि तिला दोरीनं बांधलेला एक गोळा, कैद्याच्या पायात असतो तसा. बाईला जगानं कैदेत ठेवलं आहे असं त्यांना म्हणायचं होतं. त्या खुर्चीचं चित्र आमच्या हिनं पाहिलं, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "गोळा एकच दाखवलाय."

आणि ‘प्रातोने’! प्रातोने म्हणजे कुरण. १९७१ साली तुरीनच्याच एका गटानं फेसाची हिरवीगार, कमरेइतक्या उंचीची गवताची पाती केली. त्यात घुसायचं आणि लोळायचं. गवत नसलेल्या शहरातल्या माणसानं गवताची केलेली ती थट्टा होती, आणि थोडी हळहळही. आता आमच्याकडे या. आमच्या बाजूच्या टॉवरच्या जाहिरातीत ‘आरेचं हिरवं दृश्य’ असं छापलं होतं आणि त्या दृश्याचे पैसे चौरस फुटात धरले होते. २०१९ च्या ऑक्टोबरात त्याच आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा या टॉवरमधल्या बाल्कन्यांतून ते दृश्यही दिसलं असेल. बाल्कनीतून गुरांच्या चाऱ्याचं खरं गवत दिसतं. आणि बाल्कनीत काय अंथरलंय? प्लास्टिकचं गवत. त्याला ब्रशनं घासतात. तुरीनवाले निदान हसत होते हो. हे गंभीरपणे घासतात.

एकदा आमच्या सूनबाईंनी एक इंटीरियरवाला घरी बोलावला. मुलगा चुणचुणीत. भिंतींना फूटपट्टी लावत म्हणाला, "काका, आपण हॉलला इटालियन लुक देऊ." मी म्हटलं, "अवश्य. कुणाचा देतोस? कास्तिल्योनींचा, पेशेंचा, की सोत्सासचा?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "एल-शेपमध्ये देऊ."

सोत्सासचं नाव मी मुद्दाम काढलं. एत्तोरे सोत्सास १९६१ साली भारतात हिंडून गेले. पुढं १९६४ साली त्यांनी मातीच्या ताटल्यांची एक मालिका केली, तिला ‘शिवाला अर्पण’ असं नाव दिलं. म्हणजे आपण इटालियन सोफ्यासाठी कर्ज काढायच्या आधी इटालियन माणूस इथं येऊन आपल्याकडचं काही घेऊन गेला होता. पुढं १९८० च्या डिसेंबरात त्यांच्या घरी बैठक भरली, बॉब डिलनच्या गाण्यातला ‘मेम्फिस’ शब्द ग्रामोफोनवरून सारखा कानावर पडत होता, म्हणून कंपूचं नाव मेम्फिस. १९८१ च्या सप्टेंबरात मिलानला त्यांचं प्रदर्शन भरलं आणि जग हादरलं. का हादरलं? तर यांनी चहा-कॉफीच्या टपरीतला आणि स्वयंपाकघरातला रंगीबेरंगी लॅमिनेट आणून थेट दिवाणखान्यातल्या कपाटांना चिकटवला म्हणून. लॅमिनेट म्हणजे काय? सनमायका! अहो, आम्ही काय वेगळं करीत होतो? निळ्या ठिपक्यांचा सनमायका लावलेलं टेबल, शेजारी पिवळ्या रेघांची शोकेस, तीत दिल्लीहून आणलेली बाहुली आणि मुलाला धावण्यात मिळालेला कप. क्रांती आमच्या घरात आधीच झालेली होती, फक्त तिचं उद्घाटन राहून गेलं. आता तो सनमायका खरवडून त्यावर इटालियन दिसणारं काहीतरी बसवायला माणसं घरी येतात, आणि माझ्यासारखा म्हातारा मध्ये पडला की त्याला चहा देऊन आतल्या खोलीत बसवतात.

तीच गत जो कोलंबोची. या माणसानं अठ्ठावीस चौरस मीटरमध्ये सबंध संसार बसवायचा घाट घातला. स्वयंपाक, न्हाणी, पलंग, पुस्तकं, सगळं एकमेकांच्या पोटात सरकणारं. १९७१ साली तो अकाली वारला आणि १९७२ साली न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं इटालियन घरसजावटीचं जे मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात तो संसार मांडला. लोक तोंडात बोटं घालून पाहात होते म्हणे. अठ्ठावीस चौरस मीटर म्हणजे तीनशे चौरस फूट. बी.डी.डी. चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची! तेवढ्यात आठ माणसं, पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांखाली लोणच्याच्या बरण्या, पलंगावर आजोबा, पलंगाखाली अभ्यास करणारा नातू, आणि गणपतीत त्यातच पाहुणे. न्यूयॉर्कवाल्यांनी लालबाग-परळचं तिकीट काढलं असतं तर त्यांचा खर्च वाचला असता.

पण या सगळ्यांत माझा खरा माणूस म्हणजे एन्झो मारी. १९७४ साली यानं खुर्च्या, टेबलं, पलंग, बाकं अशा एकोणीस वस्तूंची चित्रं छापून टाकली. साध्या फळ्या आणि खिळे, बस्स. सेंट्रिंगवाल्याकडे उरतात तसल्या फळ्या. टपालखर्च पाठवला की कुणालाही चित्रं मिळत. अट एकच: ज्याला हवं त्यानं स्वतः ठोकून करावं, कारखानदार आणि व्यापारी यांनी मात्र याला हात लावायचा नाही. मारीचं म्हणणं असं, की माणसानं स्वतःच्या हातानं एक तरी खुर्ची ठोकली, की दुकानातल्या खुर्चीत काय खोटं आहे ते त्याला आपोआप कळतं. आता सांगा, जो माणूस व्यापाऱ्याला हात लावू नको म्हणाला, त्याच्या देशाचं नाव व्यापाऱ्यानं पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहावं, याला काय म्हणायचं?

इथं आमचे समोरचे गृहस्थ (सहा हमालवाले) मला अडवतात. "हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले," ते म्हणतात. "ट्रॅक्टरवर शेतकरी बसतो तो हौसेनं नाही. आणि तुमचं ते कुळाचं स्टूल आज विकत घ्यायला जा, कूळ सोडा, जमीनदाराला परवडणार नाही." म्हणणं खोटं नाही. बंडखोरांच्या खुर्च्या शेवटी संग्रहालयात दोरीच्या पलीकडे जाऊन बसल्या आणि तिथंही ‘बसू नये’ अशी पाटी लागली, हे मलाही दिसतं. पण चोचले केले तरी त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता: खुर्ची कुणाला बसवण्यासाठी आहे, आणि कुणाला उभं ठेवण्यासाठी? पोत्यात साहेब बसला काय आणि कारकून बसला काय, दोघंही सारखेच आत जातात, दोघांनाही उठायला सारखाच हात लागतो. आमच्या सोफावाल्यांनी इटलीहून सगळं आणलं, हा प्रश्न तेवढा कस्टममध्ये अडकला.

आमच्या मजल्यावर ज्या बाई कामाला येतात त्या आरेतल्या एका पाड्यावरून येतात. त्यांचे आजेपणजे इथंच होते, म्हशींच्याही आधी, नेहरूंच्याही आधी. सकाळी साडेसातपासून चार घरची भांडी घासून दुपारी चहाला टेकतात त्या कुठे? समोरच्या घरी सहा माणसांचा सोफा रिकामा असतो. त्यावर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर चादर. बाई त्याला पाठ टेकून इटालियन फरशीवर बसतात. सोफा पाठ टेकायला तरी उपयोगी पडतो, म्हणजे अगदीच वाया गेला असं नाही. मला या बाबतीत उपदेश करायचा अधिकार नाही, कारण आमच्या घरी त्या खुर्चीवर बसतात ते हिनं हाताला धरून बसवलं तेव्हापासून, माझ्यामुळे नव्हे. पण एकदा पाड्यावर त्यांच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. मला बाजेवर बसवलं. मी म्हटलं, तुम्ही? तर बाई त्याच बाजेवर माझ्या शेजारी बसल्या, पलीकडे त्यांची सासू, पायथ्याशी तिघं पोरं. बाज करकरली पण सगळ्यांना पुरली. तिचा डिझायनर कोण, हे विचारायचं राहून गेलं.

आणि तबेल्यातला भय्या तर तुम्ही पाहिलाच असेल. पहाटे उकिडवा बसतो, बादली दोन गुडघ्यांत, कपाळ म्हशीच्या कुशीला. त्याला पाट नाही, चौरंग नाही, स्टूल नाही. जगात सगळ्यात कमी खर्चाचं आसन त्याच्याकडे आहे. साठीनंतर गुडघे त्याचं बिल पाठवतात.

आता वॉचमन. आमच्या इमारतीच्या लॉबीत सोसायटीनं वर्गणी काढून एक सोफा ठेवला (कुठल्या देशाचा, हे सांगायला नको). त्यावर पाटी: ‘कृपया बसू नये.’ त्या सोफ्याच्या शेजारी आमचा वॉचमन बारा तासांची पाळी उभा राहून काढतो. पूर्वी त्याला एक प्लास्टिकची खुर्ची होती, एक हात तुटलेली. "लॉबीच्या लुकला शोभत नाही" आणि "बसला की झोपतो" या दोन कारणांवरून ती काढून घेण्यात आली. दुसऱ्या कारणावर मी सर्वसाधारण सभेत बोललो. म्हटलं, बसल्यावर झोप येणं हा गुन्हा असेल तर या सभेतली पहिली रांग आत टाकावी लागेल. पहिली रांग यावर काही बोलली नाही, कारण ती झोपली होती.

बाकीच्यांनी माझं म्हणणं लेखी मागितलं. मी दिलं. कास्तिल्योनींचं ते सायकलच्या सीटचं आसन आठवतं ना? तेच, चित्रासकट. जुन्या सायकलची सीट भंगारवाल्याकडे मिळेल. दांडा आणि खालचा गोल गोळा आरेतला एक वेल्डर करून द्यायला तयार आहे, तो तबेल्यांची फाटकं करतो. माणसाला टेकता येईल, पायाचा भार हलका होईल, आणि डुलकी लागलीच तर आसन आपोआप डुलून त्याला जागं करील. म्हणजे वॉचमनला बसायला मिळेल आणि कमिटीला तो झोपत नाही याची खात्री राहील. खर्चाचा अंदाजही जोडला होता. सोफ्यावरच्या प्लास्टिकच्या आवरणापेक्षा कमी.

पंधरा दिवसांनी सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "काका, तुमचं पत्र वाचलं. कमिटीत सगळ्यांना आयडिया आवडली. फक्त एक विचारायचं होतं. ते डिझाइन खरोखर इटालियन आहे का?"

मी मोठ्या आनंदानं म्हटलं, "शंभर टक्के! १९५७ चं!"

"मग झालं तर," ते म्हणाले. "लॉबीत सोफ्याच्या शेजारी ठेवू. पण मग वॉचमनला त्यावर बसता येणार नाही, तेवढं बघा."